फोनचा आवाज बसला आहे

सोमवार, ता. ३. सकाळी.
आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. ही फक्त माझ्यासाठी. हिनेसुद्धा वाचायची नाही. (ही वाचत असेल असं वाटत नाही. पण कपाटाचा खण मी लावतो आणि तो सकाळी अर्धवट उघडा असतो.)

प्रसंग गंभीर आहे. फोन आजारी पडला आहे. बॅटरी जेवणाआधीच मान टाकते, अंग सारखं तापलेलं असतं आणि आवाज बसला आहे. पहिल्या दोन गोष्टी मी चालवून घेतल्या असत्या. आवाजाचं मात्र चालवून घेता येत नाही. कारण टिकली.

टिकली म्हणजे नात. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून टिकली. आता तिसरीत आहे, दोन दात पडलेत, आणि मुलाच्या नोकरीमुळे लांबच्या गावी आहे. महिनाअखेरीला तिच्या शाळेत कविता पाठांतर स्पर्धा. तिने कविता निवडली ती माझी. म्हणजे मी लिहिलेली नव्हे, पण साठ-बासष्ट वर्षं मी सांभाळली म्हणजे माझीच. रोज संध्याकाळी सहाला सूनबाईंच्या फोनवरून ती मला कडवं म्हणून दाखवते आणि मी चुका काढतो. काल तिने दुसरं कडवं म्हटलं ते कुणी उशीत तोंड खुपसून म्हणावं तसं आलं. मी "वा" म्हणालो. गुरूने शिष्याला नाउमेद करू नये.

मुलाला सांगितलं तर तो नवा फोन पाठवेल. नको. संकल्प : फोन स्वतः बरा करायचा. मुदत : हा आठवडा.

मंगळवार, ता. ४.
दिवसभर निरीक्षण. फोनची दिनचर्या अशी : सकाळी फिरताना खिशात रेडिओ. परत आल्यावर मी स्वतः रेकॉर्ड केलेली कविता, ओळीने, पुन्हा पुन्हा. (उच्चार ताजे राहतात.) सगळं पूर्ण आवाजात, कारण आवाज बसलाय. त्यावर हिने विणलेलं लोकरी कव्हर, कारण फोन फार नाजूक. हे सगळं पाहता बॅटरी लवकर संपण्याचं काहीच कारण दिसत नाही.

फोनची रिंगसुद्धा माझ्याच आवाजात आहे. ती भुंकल्यासारखी टुणटुण मला सहन होत नव्हती. मुलाने गेल्या खेपेला रिंगच्या जागी माझा आवाज बसवून दिला. आता कुणाचा फोन आला की घुमतं :

उंच टेकडीवरी एकटे झाड उभे ते थकलेले
पानोपानी ऐकत बसले गाव तळाशी निजलेले

आणि मी उचलला नाही तर थेट शेवटच्या कडव्यापर्यंत जातं :

वारा येतो, वारा जातो, झाड बोलते ना काही
सांगत जाते सगळे, म्हणुनी पडले नाही अजुनीही

अलीकडे मला रिंग फारशी ऐकू येत नाही. तिचाही आवाज बसला असावा.

ही म्हणते शेवटच्या ओळीत काहीतरी चुकतंय. हिच्या शाळेतही हीच कविता होती. असेल. पण मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. पार्टिशनपलीकडे यंत्र धडधडत असायचं, अलीकडे माझा जोडीदार मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, आणि मी मुद्रितावर बोट ठेवून ऐकायचो. स्वल्पविराम गळला तर मला कानाला खटकायचा. मालक पाहुण्यांना सांगायचे, यांचा कान म्हणजे सोनाराचा काटा. अशा माणसाला म्हणे ओळ चुकली.

बुधवार, ता. ५.
सेटिंगमध्ये शिरलो. बॅटरी कुणी खाल्ली त्याची यादीच तिथे आहे. सगळ्यात वर 'रेकॉर्डर'. त्याखाली रेडिओ. त्याखाली टॉर्च. टॉर्च? फोन उलटा करून पाहिला तर दिवा चालू. खिशात असताना छाती उजळलेली दिसायची ती आध्यात्मिक प्रगती नव्हती तर.

टॉर्च बंद केला. रेकॉर्डर ठेवला. फोनला काही वळण लागावं असं वाटत असेल तर कविता बंद करून चालणार नाही.

मुलगा म्हणाला होता की मागे उघडी राहिलेली ॲप बंद करत जा. तीही केली. एकेकाला बोटाने वर ढकलून घालवताना बरं वाटेना. कुणी हवामान सांगत बसलेलं, कुणी नकाशा धरून उभं. निवृत्तीच्या दिवशी मालकांनी आम्हाला असंच एकेक करून केबिनमध्ये बोलावलं होतं.

संध्याकाळी टिकली : पहिलं कडवं. आवाज तसाच. मी "उत्तम" म्हणालो.

शुक्रवार, ता. ७.
ताप उतरवण्याची युक्ती सापडली. तापलेल्याला गार करायचं, यात शास्त्र कसलं? फोन कव्हरसकट स्टीलच्या डब्यात घातला, झाकण लावलं, डबा फ्रिजमध्ये काकड्यांच्या शेजारी. आणि फ्रिजला पाठ लावून पेपर वाचत बसलो.

यानंतरचं हिच्या सांगण्यावरून. (माझा स्वतःचा या हकिकतीवर पूर्ण विश्वास नाही.) खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई चहाला आल्या होत्या. त्यांच्या हातात कप असताना फ्रिज कविता म्हणू लागला. बाईंनी कप बशीत न ठेवता बशीशेजारी ठेवला. हिने मला दोनदा हाक मारली. मी पान उलटलं. मग हिने मला स्टुलासकट बाजूला सरकवलं, डबा काढला, फोन उचलला. फोन मुलाचा होता. हिने त्याला काय सांगितलं कोण जाणे, तो बराच वेळ हसत होता म्हणे.

मी म्हटलं, बंद फ्रिजमधल्या बंद डब्यातला आवाज पाठमोऱ्या माणसाला कसा ऐकू येणार? ही म्हणाली, वकीलबाईंना आला. त्या वकीलबाई आहेत. नसलेलं ऐकणं हाच त्यांच्या घरचा धंदा.

फोन मात्र छान गार झाला. नंतर त्याला घाम फुटला.

रविवार, ता. ९.
काचेच्या आत धुकं. कॅमेऱ्यातून पाहिलं तर आपलं घर डोंगरात असल्यासारखं दिसतं. सुंदर दिसतं, पण बरोबर नाही.

ओलावा शोषायला तांदूळ. हे पेपरात वाचलेलं. फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. ही माहेरच्या कुणाकडे गेली होती. परत येऊन तिने भात टाकायला डबा उघडला आणि आतून प्रकाश आला. (टॉर्च. पुन्हा.)

धुकं गेलं. पण आवाज जिथून येतो त्या बारीक भोकांत तांदळाची कणी बसली. म्हणजे आवाज बसण्याचं कारण अखेर सापडलं! ही म्हणाली की आवाज गेल्या वर्षापासून बसलाय आणि कणी आज बसलीय. बायकांना काळाचा क्रम फार.

दात कोरायच्या काडीने कणी काढताना अर्धी आत गेली.

मंगळवार, ता. ११.
नाइलाजाने दुरुस्तीवाल्याकडे. चौकाच्या अलीकडे, चप्पलच्या दुकानाला लागून त्याची टपरीवजा जागा आहे. मागे भिंतभर रंगीत कव्हरं. माणूस बडबड्या. माझ्याशी, पलीकडच्या गिऱ्हाइकाशी आणि कानातल्या फोनवर कुणाशी, असं तिघांशी एकाच वेळी बोलत होता.

त्याने लोकरी कव्हर दोन बोटांनी उचललं आणि विचारलं, "आजोबा, याला सर्दी झाली होती का?" टपरीवरचे सगळे हसले. मी हसलो नाही. कव्हर हिने विणलंय. त्यात माझ्या जुन्या स्वेटरची लोकर आहे.

मग त्याने ब्रश मारला, कणी काढली, फोन कुठल्याशा तारेला जोडला आणि एक गाणं लावलं. गाणं बरं होतं, जरा दबलेलं. पण पलीकडच्या गिऱ्हाइकाने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि चप्पलवाला बाहेर येऊन भांडायला लागला. दुरुस्तीवाला म्हणाला, फोन ठणठणीत आहे. कव्हर काढा, दिवसभर पूर्ण आवाजात वाजवू नका, तापणारही नाही आणि बॅटरीही टिकेल. आणि आवाजाबद्दल? तर म्हणाला, आवाजाचं दुकान माझं नाही.

अडाणी. पूर्वी घड्याळजी असायचे. डोळ्याला भिंग लावायचे, तासभर हूं की चूं करायचे नाहीत, आणि शेवटी एक सुस्कारा टाकायचे. त्या सुस्काऱ्यातच निदान असायचं. याच्याकडे सुस्कारा नाही. फक्त कव्हरं.

एक नवं कव्हर घेतलं. हिला दाखवलेलं नाही.

बुधवार, ता. १२. दुपारी.
हिने आज जेवताना विषय काढला. म्हणाली की दोष फोनमध्ये नसेल कदाचित, एकदा कान दाखवून या.

मी तिला शांतपणे समजावून सांगितलं की जगात सगळ्याच वस्तूंचा दर्जा उतरलाय. फोन एकटा नाही. कुकर घ्या. पूर्वीच्या कुकरच्या शिटीला गल्ली दचकायची. आताचा कुकर पुटपुटतो. दाराची बेल घ्या. बातम्या देणारे घ्या, ओठ हलवतात आणि पैसे घेतात. आमच्या मराठीच्या बाईंचा आवाज शेवटच्या बाकावरून खिडकीबाहेर जाऊन मैदानाला वळसा घालून परत यायचा. आज असा आवाज आहे कुणाकडे? सगळ्या दुनियेचाच घसा बसलाय.

ही काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, "बघ, तूसुद्धा तोंडातल्या तोंडात बोलतेस."

ही उठून भांडी विसळायला गेली. भांडीसुद्धा पूर्वीसारखी वाजत नाहीत.

शुक्रवार, ता. १४.
शोध लागला! फोन रिकाम्या पातेल्यात ठेवला की आवाज मोठा होतो. घुमतो. मी एकेक भांडं लावून पाहिलं. वाटी : निरुपयोगी. पेला : बरा. पिठाचा डबा : गंभीर, पण पीठ उडतं. सगळ्यात उत्तम म्हणजे सणासमारंभाचं मोठं पातेलं, जे माळ्यावर असतं. स्टुलावर चढून काढलं. फोन तळाशी ठेवायचा आणि मान आत घालायची. थेट नाट्यगृह!

संध्याकाळी सहाला टिकलीचा फोन. आज तिने मुद्दाम व्हिडिओ लावला होता. तिला माझी हनुवटी, नाकपुड्या आणि वर छताचा पंखा दिसला म्हणे. विचारत होती आजोबा विहिरीत पडलेत का. मी म्हटलं, "पडलो नाही. शास्त्र आहे हे. म्हण."

तिने दोन कडवी म्हटली. थोडं ऐकू आलं! 'टेकडी' तर स्पष्ट. डोकं बाहेर काढलं तेव्हा चष्म्यावर वाफ होती आणि फोन पुन्हा तापलेला. पातेल्यात हवा खेळत नाही. प्रगतीची किंमत असते.

रविवार, ता. १६.
इमारतीचे सेक्रेटरी आले होते. मोघम बोलत होते. काही सभासदांचं म्हणणं, सकाळच्या वेळी, आपल्या घरातून, वगैरे. मी विचारलं, कविता ऐकू जाते? म्हणाले, जाते. तिसऱ्या मजल्यापर्यंत? म्हणाले, गच्चीपर्यंत. पाण्याच्या टाकीचा माणूसही ती गुणगुणतो.

मला भरून आलं. एका फोनने एवढं काम केलं! काल जिन्यात वकिलांची सून पिशव्या घेऊन चढताना पुटपुटत होती : सांगत जाते सगळे, म्हणुनी. शाळेत आमच्यातल्या निम्म्यांना ती कविता छड्या खाऊनही पाठ झाली नव्हती.

सेक्रेटरींना मी म्हटलं, आभार कशाला मानता, आपलं कर्तव्यच आहे. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत उभे राहिले. हळवे झाले असावेत. मग हिच्याशी दारात काहीतरी बोलून गेले.

टिकलीला शेवटचं कडवं सांगितलं. तिने मध्येच काही शंका विचारली. मी "हो हो, अगदी बरोबर" म्हणालो.

मंगळवार, ता. १८.
आज टिकलीने कमाल केली. स्पर्धा जिंकणार ही मुलगी.

सहाला फोन. पातेलं तयार होतं. ती म्हणाली (हे ऐकू आलं, कारण ती ओरडून बोलली) : "आजोबा, आता सगळी कविता म्हणते हं. शेवटपर्यंत." मी डोळे मिटले. मान आत. किती हळुवार म्हटलं पोरीने! जवळजवळ वाऱ्यासारखं. डोळ्यांसमोर टेकडी उभी राहिली. आमच्या शाळेची खिडकी, तिच्या गजांना लागलेला गंज, बाईंच्या बोटांवरची खडूची पूड. मग कविता संपली. मी म्हटलं, "वा! शेवटचं कडवं तर अप्रतिम. 'अजुनीही' वर जी थांबलीस ना, ते कुणाला शिकवून येत नाही."

मग फोन बंद झाला. बॅटरी, दुसरं काय.

मान बाहेर काढली तर ही समोर उभी. हातात झारा. चेहरा विचित्र. म्हणाली, "अहो, ती काहीच म्हणाली नाही. सगळा वेळ गप्प होती पोर. बघत होती तुम्हाला कळतंय का."

मी तिला सांगितलं की मौन हा कवितेचाच भाग असतो. रसिकाला तो ऐकू येतो.

ही आत गेली.

गुरुवार, ता. २०.
काल टिकलीचा फोन नाही. आजही नाही. शाळेत कामं असतील. किंवा नेटवर्क.

एक लक्षात आलं : संध्याकाळी सातला बॅटरी अर्ध्याहून जास्त शिल्लक. उपचार लागू पडतायत!

शुक्रवार, ता. २१.
फोन नाही. बॅटरी उत्तम. अंग गार. कपाळावर हात ठेवावा तसा दोनदा हात ठेवून पाहिला, बर्फासारखं. आठवड्यात बरा करीन म्हणालो होतो, थोडा जास्त वेळ लागला इतकंच. मुलाला कळवलं पाहिजे.

कळवलं नाही. त्याने विचारलं असतं, टिकलीशी बोललात का.

आज रेकॉर्डरही लावला नाही. मन नव्हतं. ही दुपारी सहज म्हणाली की आज घर शांत आहे. मला रोजच्याइतकंच वाटलं.

रविवार, ता. २३.
सहाला पातेलं घेऊन बसलो. सव्वासहाला उठलो. हिला म्हटलं फिरून येतो. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि आठवलं की फोन घरीच राहिला. टिकलीने नेमका आताच केला तर? परत आलो. किल्लीने दार उघडलं. माझ्या येण्याची चाहूल कुणाला लागली नाही.

स्वयंपाकघरात ही खाली पाय पसरून बसली होती. तिचा फोन समोर डब्याला टेकवलेला. फोनमध्ये टिकली. दोन दात नसलेली, केसांना दोन रिबिनी. तोंड हलत होतं तिचं. मला दारातून काही ऐकू येत नव्हतं. नुसती तोंड हलवणारी टिकली आणि मांडीवर बोटांनी ठेका धरणारी ही. एका ठिकाणी हिने बोट वर केलं. टिकली थांबली. हिने काहीतरी सांगितलं. टिकलीने परत म्हटलं. हिने मान डोलावली. मग दोघी हसल्या.

छापखान्यात आम्ही दोघं असेच बसायचो. एक वाचणारा, एक ऐकणारा. चूक आली की बोट वर.

मी आवाज न करता दार ओढून घेतलं. आवाज झाला की नाही ते अर्थात मला कळलं नाही. पुन्हा कोपऱ्यापर्यंत गेलो आणि मग बागेला पूर्ण फेरी मारली. आज फिरणं दुप्पट झालं. प्रकृतीला चांगलं.

मंगळवार, ता. २५.
कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. फोनच्या आवाजाबद्दल दुसरं मत घेतलेलं बरं, इतक्याच हेतूने. ही सोबत येते म्हणाली. मी म्हटलं, ये हवी तर.

काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर मोठे गोळे चढवले. आवाज आला की बोट वर करायचं. सुरुवातीला एक-दोन आवाज आले. मग आवाज देणं बंद केलं असावं. पण मी काही कच्चा नाही. आवाजांच्या मध्ये अंतर किती ते मी पकडलं होतं. त्याच लयीत बोट वर करत राहिलो, आठ मात्रा, बोट, आठ मात्रा, बोट. शेवटी गोळे काढले तेव्हा काचेपलीकडे ही कपाळाला हात लावून बसली होती.

बाई म्हणाल्या, "आजोबा, यंत्र पाच मिनिटं बंद होतं. मी पाणी प्यायला गेले होते."

मी मौन हा कवितेचा भाग असतो असं म्हणायला तोंड उघडलं. आणि मिटलं.

त्यांनी कागदावर एक रेघ काढून दाखवली. डावीकडे बरी, उजवीकडे घसरत घसरत थेट तळाशी. म्हणाल्या, बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज या घसरलेल्या भागात येतात. आणि विचारलं, आयुष्यभर यंत्राजवळ काम केलं का. मी हो म्हटलं. ते यंत्र किती सुंदर वाजायचं हेही सांगणार होतो. वेळ नव्हता त्यांना.

शुक्रवार, ता. २८.
कानाचं यंत्र आलं. दोन, एकेका कानात एक, करंगळीच्या पेराएवढी.

काय हा गोंगाट! नळ आहे की धबधबा? पेपरचं पान उलटलं तर कुणीतरी मागे कपडा फाडला असं वाटून वळलो. कुकर झाला तेव्हा उभा राहिलो. ही स्वयंपाकघरात बडबडते ते तोंडातल्या तोंडात नाही, चांगलं खणखणीत बोलते. आणि बरंच बोलते. त्यातलं बरंचसं माझ्याविषयी.

अकराच्या सुमाराला शेजारच्या खोलीत कुणीतरी म्हातारा किंचाळला. घाबरून धावलो. चोर असावा किंवा वकिलांना काही झालं असावं. फोन होता. वाजत होता.

तो आवाज माझा? फाटका, नाकातला, प्रत्येक ओळीच्या शेवटी हेलकावा. हा गच्चीपर्यंत? रोज? सेक्रेटरी हळवे झाले नव्हते तर.

उचलला नाही. वाजू दिला. उभं राहून ऐकलं, छापखान्यात ऐकायचो तसं, हवेत बोट धरून. झाड बोलते ना काही. आणि पुढे लगेच? सांगत जाते सगळे.

बोट वर झालं.

जे झाड काही बोलत नाही, ते सांगत कसं जाईल? आधीची ओळ एक म्हणते, पुढची तिच्या तोंडावर मारते. शिकाऊ माणसालाही खटकलं असतं. हिला हाक मारली, विचारलं, तू शाळेत काय शिकलीस? हिने पोळी उलटता उलटता म्हणून दाखवलं :

ऐकुन घेते सगळे, म्हणुनी पडले नाही अजुनीही

अर्थातच. ऐकून घेतं म्हणूनच तर. इतकी वर्षं मी चूक छापत होतो. अख्ख्या इमारतीत वाटली. पाण्याच्या टाकीपर्यंत गेली. आणि टिकली?

ही म्हणाली, टिकलीचं मी केव्हाच दुरुस्त केलं. तिनेच पहिल्यांदा विचारलं होतं, आजोबा म्हणतात ते उलटं कसं. तुम्हालाही विचारलं होतं तिने. तुम्ही "हो हो, अगदी बरोबर" म्हणालात.

रिंग काढून टाकली. आता टुणटुण. इमारतीतर्फे कुणीतरी आज मिठाईचा पुडा ठेवून गेलं, चिठ्ठी नाही.

रविवार, ता. ३०. संध्याकाळी.
काल स्पर्धा झाली. मुलाने शाळेतून फोन लावून धरला होता. पातेलं माळ्यावर परत गेलंय. फोन टेबलावर, कव्हर नाही, आवाज निम्म्यावर. ही आणि मी दोन खुर्च्यांवर. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, वा म्हटलं नाही, डोळेही मिटले नाहीत. नुसतं ऐकलं. पहिल्या कडव्यात एक अक्षर दातांच्या फटीतून निसटलं. शेवटचं कडवं बरोबर. 'अजुनीही' वर थांबली मात्र नाही, धावत सुटली आणि स्टेजवरून उतरली.

उत्तेजनार्थ बक्षीस. कंपासपेटी.

आज सहाला तिचा फोन आला. माझ्या फोनवर. मला टुणटुण ऐकू आलं आणि हिच्या आधी मी उचलला. तिने विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, चांगलं झालं, पण 'पानोपानी' मधला 'नो' तू खाल्लास आणि शेवट घाईत केलास. ती म्हणाली, आजी पण हेच म्हणाली. मग म्हणाली, "आजोबा, आता परत म्हणते हं सगळी. शेवटपर्यंत."

मी कान दिला. पंखा ऐकू आला. सूनबाईंच्या घरातली कुठलीशी बादली ऐकू आली. टिकलीचा श्वास ऐकू आला, हसू दाबल्यावर येतो तसला.

मी म्हटलं, "टिकले, तू गप्प आहेस."

इतकी हसली की यंत्रात शिट्टी वाजली.

ता. क. या शिट्टीचं काहीतरी केलं पाहिजे. शिवाय उजवं यंत्र दुपारनंतर मान टाकतं आणि कानात जरा गरमही लागतं. बॅटरी सदोष असणार. डॉक्टरीणबाईंना कशाला त्रास? उद्या सकाळी मी स्वतः बघतो. आधी थोडं गार केलं की

ही फ्रिजपुढे खुर्ची टाकून बसली आहे. मांडीवर तांदळाचा डबा आहे. म्हणते, "अहो, लिहा लिहा. मी रोज वाचते."